काल्पनिक भूमिकाखेळांतील सहचर प्राणी : इच्छा, आज्ञा आणि मृत्यू

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाचा जो नियमग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला, त्यात जादूगाराला अनुचर प्राणी मिळवून देणारा एक मंत्र आहे. पितळी शेगडीत कोळसा फुलवावयाचा, त्यावर १०० सुवर्णमुद्रा किमतीचे ऊद व औषधी वनस्पती जाळावयाच्या, आणि वीस बाजूंचा फासा टाकून काय येते ते पाहावयाचे. काळे मांजर, कावळा, ससाणा, घुबड, भेक अथवा मुंगसासारखा लांबोळका वीझल यांपैकी एखादा प्राणी आला, तर त्याचे जीवनांक जादूगाराच्या जीवनांकांत मिळविले जातात. परंतु तो प्राणी मारला गेला, तर त्याच्या जीवनांकांच्या दुप्पट संख्या जादूगाराच्या खात्यातून कायमची वजा होते. २०१४ सालच्या आवृत्तीतही हा मंत्र आहे. पितळी शेगडी तीच, कोळसा तोच, ऊदही तोच. खर्च मात्र १० सुवर्णमुद्रांवर उतरला आहे, आणि प्राणी पडला असता जादूगाराचे काहीही वजा होत नाही. प्राणी अदृश्य होतो. आणखी दहा मुद्रांचा धूप जाळला की तो परत येतो.

छत्तीस वर्षांत एका मांजराच्या मृत्यूचे मोल इतके उतरावे, याला काही कारण असले पाहिजे. ते शोधावयाचे तर एक प्रश्न हाताशी ठेवावा लागतो : खेळाच्या टेबलाभोवती बसलेल्या माणसांपैकी त्या प्राण्याच्या वतीने कोण बोलतो? नियमग्रंथांनी या प्रश्नाची दिलेली उत्तरे गेल्या ५० वर्षांत पालटत गेली, आणि प्रत्येक उत्तरासरशी प्राण्याचे स्वरूपही पालटले. प्रस्तुत लेखात मुख्यतः वरील खेळाच्या आवृत्त्यांचा विचार केला असून अन्य खेळांचा परामर्श तुलनेपुरता घेतला आहे.

परिभाषेविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. या प्रकारच्या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. त्या पात्रांभोवतीचे उरलेले सर्व जग, म्हणजे राजे, राक्षस, पाऊस आणि वाटेवरची कुत्रीसुद्धा, एकच व्यक्ती सांभाळते. तिला येथे ‘सूत्रधार’ म्हटले आहे. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना संपताच निघून जातो, हा मात्र अखेरपर्यंत बसून राहतो, एवढा भेद ध्यानी घ्यावा. पात्राची प्राणशक्ती मोजणाऱ्या आकड्यास ‘जीवनांक’ आणि त्याच्या प्रगतीच्या पायरीस ‘श्रेणी’ हे शब्द योजिले आहेत.

सूत्रधाराचा उगम युद्धखेळांतील पंचात आहे. प्रशियन लष्करी अधिकारी राइसविट्स याने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात दोन्ही बाजूंच्या आज्ञा पंचाकडे जात आणि त्यांचे फलित पंच सांगे. अमेरिकन अधिकारी चार्ल्स टॉटन याच्या ‘स्ट्रॅटेगॉस’ (१८८०) या ग्रंथात पंचाला विस्तृत अधिकार दिलेले आहेत. हाच ग्रंथ १९६० च्या दशकात मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली याच्या हाती पडला. वेस्लीच्या मंडळातील डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक संस्थान रचून त्यात मित्रांना एकेका पात्राच्या भूमिकेत खेळविले. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथे राहणाऱ्या गॅरी गायगॅक्स याने जेफ पेरेन याच्या साहाय्याने ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम त्याच वर्षी छापले होते. या दोन प्रवाहांच्या संगमातून १९७४ च्या आरंभी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ही तीन पुस्तिकांची पेटी निघाली. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १,००० होत्या.

युद्धखेळात घोड्याला स्वतंत्र अस्तित्व नसते. स्वार आणि घोडा मिळून शिशाची एकच बाहुली असते, आणि घोडा म्हणजे त्या बाहुलीचा वाढलेला वेग. १९७४ च्या पहिल्या पुस्तिकेतील किंमतपत्रक या परंपरेला धरूनच आहे : खेचर २० सुवर्णमुद्रा, ओझ्याचा घोडा ३०, भारी युद्धाश्व २००. तुलनेसाठी सांगावयाचे तर पोलादी पत्र्याचे चिलखत ५० मुद्रांना मिळे. खेचराची गणना दोर, मशाली आणि तेलाच्या कुप्या यांच्याच पंक्तीत झाली आहे, आणि त्याने भुयारात उतरण्यास नकार दिला तर काय, हा प्रश्न त्या पत्रकाला पडत नाही.

परंतु त्याच पुस्तिकेत काही पाने पुढे वेगळ्या विचाराचे बीज आहे. पात्राच्या व्यक्तिमत्त्वातील आकर्षणशक्तीचा जो अंक असे, त्यावरून असामान्य स्वरूपाचे किती सेवक त्याच्यापाशी राहतील हे ठरे. या सेवकांत केवळ भाडोत्री शिपाई येत नसत. पात्राच्याच नीतिपक्षाचे राक्षसी प्राणीही सेवेत घेता येत, किंवा वशीकरणाने वश करता येत. सेवेत घेतलेल्या प्रत्येकाची निष्ठा सूत्रधार तीन फासे टाकून ठरवी. येथे एका सूक्ष्म गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. विकत घेतलेले खेचर खेळाडूच्या मालमत्तेच्या यादीत जाते. सेवेत आलेला प्राणी मात्र सूत्रधाराच्या जगातच राहतो आणि तेथून खेळाडूच्या पात्राला साथ देतो. त्याच्या मनात काय आहे हे खेळाडूला निश्चितपणे माहीत नसते. पुढील चार-पाच वर्षांत सहचर प्राण्यांचे जे नियम तयार झाले, त्यांचा पाया या दुसऱ्या कल्पनेवर आहे.

१९७५ सालच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत धर्मवीराचा वर्ग आला आणि त्याच्याबरोबर त्याचा घोडा आला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेत जो फिशर याने वनसंचारी वीराचा वर्ग मांडला. वरच्या श्रेणीस पोहोचल्यावर त्याच्याभोवती जे अनुयायी जमत, त्यांत मनुष्येतर जीवही असत. १९७६ सालच्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीत ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या नावाने ओळखला जाणारा निसर्गपूजक, हा खेळाडूंना घेता येण्याजोगा वर्ग झाला. १९७८ चा खेळाडूंचा ग्रंथ आणि १९७९ चा सूत्रधाराचा ग्रंथ यांत ही सारी सामग्री एकत्र आली.

या दोन ग्रंथांत प्राण्यांविषयीचे जे नियम आहेत, त्यांची भाषा गायगॅक्सच्या इतर लेखनासारखीच अवघड आणि पुष्कळदा विस्कळीत आहे. तथापि त्यांत एक सुसंगत दृष्टी आढळते. धर्मवीराच्या घोड्याचेच उदाहरण घ्यावे. चौथ्या श्रेणीस पोहोचलेला धर्मवीर बुद्धिमान युद्धाश्वाला साद घालू शकतो, पण असा घोडा दहा वर्षांतून एकदाच मिळतो. पहिला गमावला तर मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. सूत्रधाराच्या ग्रंथात यावर आणखी एक कलम आहे. साद घातल्याबरोबर घोडा दारात उभा राहत नाही. धर्मवीराला तो कोठे आहे याचे दर्शन तेवढे घडते, आणि साधारणतः सात दिवसांच्या मजलेच्या आत असलेल्या त्या ठिकाणी जाऊन त्याने घोडा मिळवावयाचा असतो. तो रानटी असेल तर पकडावा लागेल. एखाद्या दुष्ट योद्ध्याच्या ताब्यात असेल तर त्या योद्ध्याशी झुंजावे लागेल. घोड्याला धन्याच्या आधीचे असे एक आयुष्य आहे, हे येथे गृहीत धरले आहे.

ड्रुइडाचा ‘प्राणिमैत्री’ हा प्रथम श्रेणीचा मंत्र याहूनही अधिक बोलका आहे. मंत्र म्हटल्यावर प्राण्याच्या वतीने बचावाचा फासा टाकला जातो. तो अनुकूल पडला तर प्राणी मैत्री नाकारून निघून जातो. प्रतिकूल पडला तर तो ड्रुइडाच्या मागे चालू लागतो, आणि मग शिक्षणास आरंभ होतो. बुद्धीच्या प्रत्येक अंकामागे तीन कामे शिकविता येतात. प्रत्येक कामाला एक आठवडा लागतो. आणि सर्व शिक्षण तीन महिन्यांच्या आत संपवावे लागते. या अवधीत प्राण्याला आठवड्याहून अधिक काळ एकटे सोडले, तर तो आपल्या मूळ स्वभावावर जातो. मंत्राच्या सामग्रीत अमरवेलीप्रमाणे दुसऱ्या झाडावर वाढणारी मिसलटो ही पवित्र वनस्पती आहे, आणि त्या प्राण्याला आवडणारा एखादा खाद्यपदार्थही आहे. कुत्रे पाळलेल्या कोणासही हे दुसरे साहित्य पहिल्यापेक्षा अधिक गुणकारी वाटेल.

आता असे पाहावे की एकच कुत्रा या एकाच ग्रंथात दोन मार्गांनी मिळू शकतो. बाजारात मोल देऊन आणलेला कुत्रा ही वस्तू आहे, आणि पुष्कळ खेळाडू अशी जनावरे भुयारातील सापळे तपासण्यासाठी पुढे हाकीत असत. मंत्राने मैत्री केलेला कुत्रा मात्र नकार देऊ शकतो, शिकतो, विसरतो आणि सोडून जाऊ शकतो. पहिल्याच्या वतीने खेळाडू बोलतो, दुसऱ्याच्या वतीने सूत्रधार. दोहोंतील अंतर हे प्राण्याच्या जातीचे नाही. त्याची इच्छा कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच ते अंतर आहे.

अनुचर प्राण्याची कथा याहून जुनी असून तिला इंग्लंडच्या न्यायालयांचा इतिहास आहे. १५६६ साली एसेक्स परगण्यातील चेम्सफर्ड येथे जो चेटूकविषयक खटला चालला, त्यात एलिझाबेथ फ्रान्सिस आणि अॅग्नेस वॉटरहाउस या स्त्रियांच्या जबान्यांत ‘सेथन’ नावाच्या मांजराचा उल्लेख येतो. हे मांजर एकीकडून दुसरीकडे गेले, त्याला रक्ताचा थेंब दिला जाई, आणि ते ज्या लोकरीवर निजत असे ती लोकर हवी होती म्हणून वॉटरहाउसने त्याचे भेकात रूपांतर केले, असे सांगितले गेले. वॉटरहाउसला फाशी झाली. १६०४ च्या कायद्याने दुष्ट आत्म्याला पोसणे, त्याला कामास लावणे किंवा त्याच्याशी करार करणे हे गुन्हे ठरविले. यामुळे घरात वावरणारे जनावर हाच आरोपाचा पुरावा होऊ शकला. १६४५ नंतर पूर्व इंग्लंडमध्ये चेटकिणींचा शोध घेत हिंडणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्स याने १६४७ साली जी पुस्तिका छापली, तिच्या मुखचित्रात असे अनुचर नावांनिशी दाखविले आहेत : बैलाच्या डोक्याचा शिकारी कुत्रा, काळा ससा, मांजराचे पिलू आणि वीझलाच्या कुळातील एक प्राणी.

१९७८ च्या मंत्रातील मांजर, भेक आणि वीझल यांची वंशावळ या कागदपत्रांपर्यंत पोहोचते. पण नियमग्रंथाने मूळ कल्पनेत एक मोठा फेरफार केला. सतराव्या शतकातील आरोपकर्त्यांच्या दृष्टीने ते मांजर मांजर नव्हतेच. मांजराचे रूप घेतलेला तो दुष्ट आत्मा होता, आणि तो आत्मा आहे म्हणूनच स्त्री दोषी ठरत असे. गायगॅक्सच्या मंत्राने येणारा प्राणी सामान्यतः रक्तामांसाचा आहे. फासा फारच विशेष पडला तरच एखादा छोटा दैत्य किंवा बटू-ड्रॅगन येतो. इतर वेळी येते ते दोन ते चार जीवनांकांचे, एका दगडानेही मरेल असे जनावर, आणि त्याच्या मरणाशी जादूगाराचे मरण बांधलेले असते. शिवाय आवाक्यात एकही योग्य प्राणी नसण्याची शक्यता वीसपैकी पाच. अशा वेळी धूप फुकट जातो व वर्षभर पुन्हा प्रयत्न करता येत नाही.

२०१४ च्या ग्रंथात अनुचर पुन्हा आत्मा झाला. तो देवलोकातील, परीलोकातील किंवा नरकातील आत्मा असून प्राण्याचे रूप तेवढे धारण करतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. हॉपकिन्सच्या काळची कल्पना अशा रीतीने साडेतीनशेहून अधिक वर्षांनी परतली, पण तिचे प्रयोजन पार उलटे झाले. तेव्हा मांजर हा आत्मा ठरला तो माणसाला दोषी धरता यावे म्हणून. आता तो आत्मा ठरला तो माणसाला कोणताही दोष लागू नये म्हणून.

हे परिवर्तन एकदम घडले नाही. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत अनुचर मेला असता जादूगाराला मृत्यूचा धोका पत्करून फासा टाकावा लागे, आणि वाचला तरी त्याच्या शरीरप्रकृतीचा एक अंक कायमचा जाई. म्हणजे येथे दंड कठोरच राहिला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हानी जीवनांकांवरून अनुभवगुणांवर आली : प्रत्येक श्रेणीमागे २०० गुण, आणि फासा अनुकूल पडला तर त्याच्या निम्मे. नवा अनुचर मिळण्यास वर्ष व एक दिवस थांबावे लागे. शरीराला झालेली इजा हिशेबातील तुटीत बदलली, असे याचे वर्णन करता येईल. २०१४ मध्ये ती तूटही उरली नाही.

ड्रुइड आणि वनसंचारी वीर यांच्या सहचरांच्या बाबतीत हाच उतार कालमानात दिसतो. १९७८ साली मैत्री पक्की होण्यास आठवडे आणि महिने लागत. २००३ च्या सुधारित आवृत्तीत सहचर प्राणी हा मंत्राचा विषय न राहता वर्गाचा अंगभूत अधिकार झाला. ड्रुइडाला तो पहिल्या श्रेणीपासून, वनसंचाऱ्याला चौथ्या श्रेणीपासून मिळू लागला, आणि मेलेल्या सहचराच्या जागी दुसरा आणण्यासाठी ड्रुइडाला २४ तासांची अखंड प्रार्थना पुरे झाली. २०१४ मध्ये वनसंचाऱ्याला नव्या पशूशी जवळीक साधण्यासाठी ८ तास पुरत. २०२० सालच्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या ग्रंथातील पर्यायी नियमानुसार मरून तासही न झालेल्या पशूला वीराने स्पर्श करून आपल्या मंत्रशक्तीचा एक अंश खर्च केला, की एका मिनिटात तो पूर्ववत उठतो. या नियमात पशूची जातही उरलेली नाही. भूचर, जलचर आणि खेचर असे तीन साचे आहेत, आणि लांडगा की अस्वल हे खेळाडूने आपल्या मर्जीने म्हणावयाचे. २०२४ च्या ग्रंथात हाच प्रकार मुख्य नियम म्हणून स्वीकारला गेला.

असे का झाले असावे? पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. तिसऱ्या आवृत्तीपासून लढाईचे नियम काटेकोर झाले आणि प्रत्येक खेळाडूच्या पाळीत किती कृती करता येतात याचा हिशेब चोख ठेवला जाऊ लागला. ज्याच्याजवळ अस्वल आहे त्याला प्रत्येक फेरीत दोन पाळ्या मिळतात, आणि बाकीचे वाट पाहत बसतात. २००३ च्या नियमांत ड्रुइडाचा सहचर त्याच्या श्रेणीबरोबर वाढत असे. परिणामी ड्रुइड आणि त्याचा प्राणी मिळून एखाद्या स्वतंत्र योद्ध्याची गरजच संपवून टाकीत, ही तक्रार त्या काळच्या खेळाडूंत सर्वतोमुखी होती. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने या प्रकरणाला आरंभीच्या ग्रंथात थाराच दिला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मार्शल पॉवर’ या पुरवणीतून वनसंचाऱ्याचा पशू परत आला, तोही धन्याच्या कृतींतच वाटेकरी होऊन. २०१४ मध्ये तर पशूला हल्ला करण्यास सांगावयाचे असेल तर वीराने आपल्या पाळीची कृती खर्ची घालावी असे ठरले. शेजारी उभा असलेला लांडगा धन्याच्या तोंडून शब्द निघेपर्यंत शत्रूला चावत नाही, हे चित्र खेळाडूंना रुचले नाही. २०१६ साली प्रकाशकांनीच वनसंचाऱ्याचा संपूर्ण वर्ग सुधारून प्रयोगादाखल प्रसिद्ध केला, यावरून असंतोषाची कल्पना येते.

दुसरे कारण वाङ्मयीन आहे, आणि ते अधिक दूरगामी ठरले. आरंभीच्या खेळाडूंसमोर अॅन्ड्रे नॉर्टन हिच्या ‘द बीस्ट मास्टर’ (१९५९) यासारख्या कथा होत्या, ज्यांत प्राणी हे नायकाचे सहकारी असतात आणि त्यांची उणीव भरून निघत नाही. योगायोग असा की याच नॉर्टनने १९७८ साली ‘क्वाग कीप’ ही या खेळावर आधारलेली पहिली कादंबरी लिहिली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, आर. ए. साल्व्हाटोर याच्या ‘द क्रिस्टल शार्ड’ या कादंबरीत ड्रिझ्ट हा वनसंचारी वीर आणि ग्वेनहायव्हर ही त्याची काळी चित्तीण अवतरली. ही चित्तीण काळ्या दगडाच्या एका लहान मूर्तीतून प्रकट होते, आणि घायाळ झाली की आपल्या लोकी परत जाऊन बरी होते. अशा मूर्ती १९७९ च्या ग्रंथातील जादूच्या वस्तूंच्या यादीतून आलेल्या आहेत. पण यादीतली वस्तू कादंबरीत जिवलग मैत्रीण झाली, आणि ज्या वाचकांनी ती वाचली त्यांनी सहचर प्राणी म्हणजे काय याची कल्पना तेथूनच उचलली. पुन्हापुन्हा परत येणारा प्राणी हा नियमांत येण्यापूर्वी पंचवीस-तीस वर्षे कथेत नांदत होता.

अन्य खेळांनी या प्रश्नाला निराळी उत्तरे दिली. ज्या डेनिस सस्टेअरने ‘एल्ड्रिच विझार्ड्री’साठी ड्रुइडाची कल्पना दिली, त्यानेच स्कॉट रॉबिन्सनच्या साहाय्याने १९७६ साली ‘बनीज अँड बरोज’ हा खेळ सिद्ध केला. रिचर्ड अॅडम्सच्या ‘वॉटरशिप डाउन’ (१९७२) या कादंबरीच्या प्रेरणेने रचलेल्या या खेळात खेळाडू स्वतःच ससे होतात, आणि मनुष्य हे त्यांच्या जगातील अनाकलनीय संकट होते. एकाच माणसाने एकाच वर्षी प्राण्याच्या मित्राचा वर्गही रचावा आणि प्राण्याची भूमिकाही खेळण्याजोगी करावी, ही गोष्ट या क्षेत्राच्या अभ्यासकांनी हवी तितकी लक्षात घेतलेली नाही.

१९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाची भूमी म्हणजे ग्रेग स्टॅफर्ड याने निर्मिलेले ग्लोरान्था हे जग. त्यातील प्रॅक्स या वैराण प्रदेशातील भटक्या टोळ्या गवे, गेंडे, हरणे यांवर बसून हिंडतात. त्यांच्या पुराणकथेप्रमाणे महासंकटाच्या काळी चारा अपुरा पडला, तेव्हा माणसे आणि पशू यांच्यात स्पर्धा झाली : जो जिंकेल तो खाईल आणि जो हरेल तो चरेल व खाल्ला जाईल. बहुतेक टोळ्यांत माणसे जिंकली. मोरोकान्थ या टॅपिरासारख्या प्राण्यांनी मात्र आपल्या प्रतिस्पर्धी माणसांना हरविले. तेव्हापासून ते मानवी देहाच्या, पण गवत खाणाऱ्या निर्बुद्ध कळपांचे पालन करतात. खेळाडूला मोरोकान्थाचे पात्र घेण्याचीही मुभा आहे. धनी कोण आणि जनावर कोण हे जन्माने ठरलेले नसून एका डावाच्या निकालाने ठरले, हा विचार मनोरंजनाच्या पुस्तकात इतक्या थंडपणे क्वचितच मांडला गेला असेल.

स्टॅफर्डच्याच ‘पेन्ड्रॅगन’ (१९८५) या आर्थर राजाच्या कथाचक्रावरील खेळात प्रत्येक मोहिमेनंतर हिवाळ्याचे प्रकरण येते, आणि त्यात घोडा हिवाळ्यातून वाचला की नाही हे फाशांनी पाहावे लागते. येथे शत्रू नाही, जादू नाही; थंडी, वय आणि रोग एवढ्यांनीच घोडा जातो. ‘आर्स मॅजिका’ (१९८७) या तेराव्या शतकातील युरोपात घडणाऱ्या खेळाच्या परंपरेत जादूगाराने प्रथम मूळचाच अद्भुत असा प्राणी शोधावा, त्याचा स्नेह मिळवावा, आणि मग प्रयोगशाळेत श्रम करून सोने, रुपे व ब्राँझ या तीन धातूंच्या नावांचे तीन बंध त्याच्याशी जोडावेत, असा क्रम आहे. स्नेह आधी आणि मंत्र नंतर, हा क्रम १९७८ च्या शेगडीहून निराळा आहे.

येथवरच्या विवेचनावरून जुने नियम उदार आणि नवे नियम कोते, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो पुरता बरोबर नाही. जुन्या नियमांत प्राण्याची इच्छा सूत्रधाराच्या हाती होती, याचा अर्थ ती सूत्रधाराच्या लहरीच्याही हाती होती. महिने खर्चून शिकविलेला लांडगा एका वाक्यासरशी उलटविण्याचा अधिकार त्याला होता. दुसरे असे की, जेथे मृत्यूचा दंड फार जबर असतो तेथे शहाणा खेळाडू मांजराला धोक्याजवळ फिरकू देत नाही. त्याला पिशवीत ठेवतो, घरी ठेवतो, किंवा मंत्रच म्हणत नाही. ज्या प्राण्याच्या मरणाला मोल होते, तो अशा प्रकारे खेळातून बाहेरच राहिला. ज्याच्या मरणाला मोल उरले नाही, तो आता प्रत्येक दाराच्या फटीतून डोकावतो, निरोप नेतो, चेष्टेचा विषय होतो आणि त्याला बहुधा नावही असते. या लाभाकडे डोळेझाक करता येणार नाही. मात्र त्याच्या नकाराचा फासा आता टाकला जात नाही, आणि हे नुकसान लाभाच्या हिशेबात धरले जात नाही.

‘पाथफाइंडर’ या प्रतिस्पर्धी खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दोहोंचा मेळ घालण्याचा एक प्रयत्न आहे. धन्याने आपल्या पाळीतील एक कृती आज्ञेसाठी दिली की सहचराला दोन कृती मिळतात. आज्ञा नसेल तर तो स्वसंरक्षणापलीकडे काही करीत नाही. परंतु बराच वेळ तसाच सोडला तर प्राणी आपल्या स्वभावाप्रमाणे वागू लागतो. १९७८ च्या नियमात जो अवधी एका आठवड्याचा होता, तो येथे साधारण एका मिनिटाचा आहे. मेलेल्या सहचराच्या जागी दुसरा मिळण्यास मात्र या खेळात एक आठवड्याचा अवकाश द्यावा लागतो.

धर्मवीराच्या घोड्याचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. २०१४ च्या ग्रंथात त्याला बोलाविणारा मंत्र दहा मिनिटांचा आहे. येणारा घोडा हा आत्मा आहे. युद्धाश्व, तट्टू, उंट, सांबरासारखे एल्क किंवा मोठा मास्टिफ कुत्रा यांपैकी हवे ते रूप तो घेतो, जीवनांक संपले की मागे देहही न ठेवता नाहीसा होतो, आणि पुन्हा दहा मिनिटांनी येतो तेव्हा तोच घोडा, ताजातवाना होऊन येतो. १९७९ च्या ग्रंथातील घोडा सात दिवसांच्या मजलेवर कोठेतरी उभा होता, आणि धर्मवीराने साद घालण्यापूर्वी तो तेथे काय करीत होता हे सूत्रधाराला ठरवावे लागत असे.